कोंबड्यांचे जंत आणि माइट: कुठलं औषध कशावर चालतं, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसात थोड्याशा कोंबड्या पाळणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो की कुठलं औषध देऊ. त्याच्या आधी एक प्रश्न येतो, नेमकं झालंय काय, आणि तो टाळला की मग पैसे जातात, कोंबडी खंगत राहते आणि वर आपण म्हणतो औषधात दम नाही. औषधात दम असतो हो, पण गोल जंताचं औषध पट्टीच्या जंताला (टेपवर्मला) चालत नाही आणि अंगावर मारायचं औषध खुराड्याच्या फटीत बसलेल्या माइटपर्यंत, म्हणजे रक्त पिणाऱ्या त्या बारीक किड्यापर्यंत, पोचत नाही. म्हणून खालच्या बऱ्याच उत्तरांमध्ये आधी ओळख आणि मग औषध असं आलंय.

कोंबडीला जंत झालेत हे कसं ओळखायचं?

नुसतं बघून खात्रीने ओळखता येत नाही, हे आधीच सांगतो. थोडे जंत जवळजवळ प्रत्येक मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीत असतात आणि ती ठणठणीत असते, अंडी घालते, काही कळत नाही. जास्त झाले की वजन उतरतं, छातीचं हाड हाताला टोकदार लागतं, तुरा फिका पडतो, शीट पातळ होते, अंडी कमी होतात, खाणं मात्र चालूच असतं. पण हीच लक्षणं माइटने रक्त पिऊन होतात, खाद्य कमी पडून होतात, इतर आजारांनी पण होतात. त्यामुळे "सुकलीय म्हणजे जंतच" असं धरून चालू नका. शीटमध्ये पांढरा, बोटाएवढा लांब जंत दिसला तर तो गोल जंत, त्यात शंका नाही. तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले, आणि ताज्या शीटमध्ये ते हलताना दिसले, तर पट्टीचा जंत. शिळ्या शीटमध्ये हलणारं काहीतरी असेल तर बहुतेक माशीच्या अळ्या असतात, त्याला घाबरू नका.

शीट तपासायलाच पाहिजे का? सरळ औषध दिलं तर काय बिघडलं?

तपासली तर बरं. खरं सांगायचं तर अख्ख्या पानातला माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच आहे. जनावरांच्या डॉक्टरकडे किंवा लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी बघतात, मोजतात, आणि कॉक्सिडिया (हगवण लावणारे एकपेशीय जीव) आहेत का तेही त्याच वेळी कळतं. एका कोंबडीची शीट नेऊ नका, सकाळी वेगवेगळ्या ठिकाणची सात-आठ ताजी शीटं थोडी थोडी घ्या, त्यात नेहमीची आणि चॉकलेटी चिकट अशी दोन्ही येऊ द्या कारण आंधळ्या आतड्यातलं, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या आतड्याच्या पिशवीतलं, जे काही असतं ते त्या चिकट शीटमध्ये येतं. डबीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. एक लक्षात असू द्या की पट्टीच्या जंताची अंडी अशा तपासणीत बऱ्याचदा निसटतात, आणि जंत लहान असतील, अजून अंडी घालायला लागलेले नसतील, तर रिपोर्ट कोरा येऊ शकतो.

औषध दिल्यावर १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासा. अंड्यांची संख्या ९० टक्क्यांहून कमी घटली असेल तर डोस चुकला किंवा जंत त्या औषधाला दाद देत नाहीत, दोन्हीपैकी काहीतरी आहे.

कुठल्या जंताला कुठलं औषध?

मोठा गोल जंत म्हणजे अ‍ॅस्कॅरिडिया, छोट्या आतड्यात राहतो, मादी १० सेंटिमीटरच्या पुढेही जाते, आणि फार झाले तर आतडं तुंबवतात. यावर पिपेराझिन, लेव्हामिसोल, फेनबेंडाझोल, फ्लुबेंडाझोल सगळी चालतात. पण पिपेराझिन फक्त याच एका जंताच्या मोठ्या झालेल्या जंतांवर चालतं, बाकी कशावर विशेष चालत नाही, आणि तरी सगळ्यात जास्त तेच दिलं जातं कारण ते जुनं आणि माहितीचं आहे. आंधळ्या आतड्यातला बारीक जंत, हेटेरॅकिस, स्वतः कोंबडीला फारसा त्रास देत नाही, त्यावर फेनबेंडाझोल, फ्लुबेंडाझोल, लेव्हामिसोल चालतात.

केसासारखा बारीक जंत, कॅपिलेरिया, हा खरा वाईट. डोळ्याला दिसत नाही म्हटलं तरी चालेल, आतड्याच्या किंवा अन्ननलिकेच्या आवरणात घुसून बसतो, कमी संख्येतसुद्धा कोंबडी खंगवतो. त्याला मारायला फेनबेंडाझोल किंवा फ्लुबेंडाझोल सलग काही दिवस द्यावं लागतं, एक दिवसाचा डोस पुरत नाही. पिपेराझिन देऊन वाट बघत बसलात तर कोंबडी हातची जाईल.

पट्टीच्या जंताला वेगळंच औषध लागतं, प्राझिक्वांटेल, आणि ते अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी बऱ्याच देशांत मंजूर नाही, म्हणून डॉक्टरच्या सांगण्याशिवाय देऊ नका. शिवाय पट्टीचा जंत एका कोंबडीकडून दुसरीला थेट जात नाही, मधे मुंगी, शेणकिडा, घरमाशी किंवा गोगलगाय लागते, ते किडे खाऊन कोंबडीला तो होतो. माश्या-किड्यांचा बंदोबस्त केला नाही तर औषध देऊनही तो परत येणार.

डोस कसा ठरवायचा? बाटलीवर तर हजार कोंबड्यांचा हिशोब दिलेला असतो

हाच खरा घोळ आहे. समजा पाण्यातून द्यायचं फेनबेंडाझोल आहे, डोस किलोला १ मिलिग्रॅम रोज, सलग ५ दिवस. तुमच्याकडे प्रत्येकी २ किलोच्या ६ कोंबड्या, म्हणजे सगळ्या मिळून १२ किलो, म्हणजे दिवसाला १२ मिलिग्रॅम. औषध एका मिलीत २०० मिलिग्रॅम असेल तर लागतं ०.०६ मिली, जेमतेम एक थेंब! तो थेंब थोडा मोठा पडला, थोडा लहान पडला, की डोस कुठल्या कुठे गेला. त्यामुळे थोड्या कोंबड्या असतील तर मोठ्या फार्मचं औषध अंदाजाने ओतण्यापेक्षा डॉक्टरकडून प्रत्येक कोंबडीचा मोजलेला डोस बनवून घ्या किंवा खाद्यात मिसळायचं तयार औषध घ्या. फ्लुबेंडाझोल खाद्यातून ७ दिवस देतात, आणि त्या ७ दिवसांत दुसरं काहीही खायला टाकायचं नाही, नाहीतर कोंबडी औषधाचं खाद्य सोडून तेच खाते.

वजन करा, अंदाज नको. कोंबडीला पिशवीत घालून काट्याला लटकवलं की झालं. आणि डोस कमी पडू देऊ नका, कारण अर्धवट डोसमधून जे जंत वाचतात तेच पुढे पिल्लावळ वाढवतात आणि मग ते औषध तुमच्या परसात चालेनासं होतं.

पाण्यातून देत असाल तर दुसरं पाणी सगळं काढा, डबकी पण. आजारी कोंबडी पाणी कमी पिते म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज तिलाच औषध कमी जातं, तिला वेगळं तोंडाने द्या. तोंडाने देताना चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडा, घशात पिचकारी मारू नका, जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं.

औषध दिलं पण जंत पडलेले दिसलेच नाहीत, म्हणजे लागू पडलं नाही?

तसं नाही. पिपेराझिन आणि लेव्हामिसोल जंताला लुळा करतात म्हणून तो अख्खा बाहेर पडतो. फेनबेंडाझोलसारखी औषधं त्याला उपाशी मारतात, काही दिवस लागतात, आणि बरेचदा तो आतच विरघळून जातो. दिसणं न दिसणं यावरून काही ठरत नाही, पुन्हा तपासणी केली की ठरतं.

दर महिन्याला जंताचं औषध द्यायचं का?

नको. अ‍ॅस्कॅरिडिया पोटात गेल्यापासून अंडी घालायला लागेपर्यंत साधारण ५ ते ८ आठवडे जातात, दर महिन्याला औषध ओतून फक्त चिवट जंत निवडून काढता तुम्ही. दोन-तीन महिन्यांनी शीट तपासा आणि गरज असेल तर द्या. दमट, गरम दिवसांत जास्त लक्ष ठेवा, त्या हवेत जमिनीतलं जंताचं अंडं दोनेक आठवड्यांत लागण करण्याइतकं तयार होतं. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना सगळ्यात जास्त त्रास होतो, पुढे अंगात थोडी प्रतिकारशक्ती येते.

लसूण, व्हिनेगर, भोपळ्याच्या बिया, यांनी जंत जातात का?

जंतांनी भरलेलं पोट रिकामं करण्याइतका भरवसा यांच्यावर ठेवू नका. खायला घाला, त्याने वाईट काही होत नाही, पण तुरा पांढरा पडलेली कोंबडी समोर असताना आठवडाभर लसूण घालून वाट बघणं हा तिच्यावर अन्याय आहे. व्हिनेगर द्यायचंच असेल तर पत्र्याच्या भांड्यात ठेवू नका, जस्त सुटतं आणि ते विषारी.

पिल्लांना रक्ताची हगवण लागलीय, जंताचं औषध दिलं तरी थांबेना

थांबणार नाही, कारण बहुतेक ते जंत नाहीतच, कॉक्सिडिओसिस आहे. तो आयमेरिया नावाच्या एकपेशीय जीवाने होतो, ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांत सगळ्यात जास्त, आणि त्यावर अ‍ॅम्प्रोलियम किंवा टोलट्राझुरिल लागतं. इथे उद्या बघू करू नका, दोन दिवसांत पिल्लं जातात.

कोंबडी मान ताणून तोंड उघडून श्वास घेते, हा जंत का?

असू शकतो. श्वासनलिकेत राहणारा सिंगॅमस नावाचा लाल जंत असतो, नर-मादी कायम चिकटलेले, दोन फाटे फुटलेल्या काटकीसारखे दिसतात. गांडुळं, गोगलगाई खाऊन होतो, लहान पिल्लांना जास्त. फ्लुबेंडाझोल, फेनबेंडाझोल चालतं. पण धाप लागलेल्या बहुतेक कोंबड्यांना हा जंत नसतो, उन्हाचा तडाखा किंवा श्वासाचा आजार असतो, आणि एकदम अनेक कोंबड्या अशा दिसल्या तर औषध शोधत बसू नका, डॉक्टरला बोलवा.

अंड्यात जंत निघाला!

किळस येते, खरंय, पण क्वचित होतं असं. आतड्यातला गोल जंत बाहेरच्या वाटेने अंडनलिकेत चढतो आणि कवच बनायच्या आधी आत अडकतो. माणसाला तो लागत नाही. अंडं टाकून द्या आणि सगळ्या कळपाची तपासणी करा, कारण पोटात जंतांची गर्दी झालीय त्याची ही खूण आहे.

अंगावर बारीक किडे दिसतात, ते माइट, उवा की गोचीड?

दिवसा कोंबडी हातात घ्या, शेपटीखालची पिसं बाजूला करून कातडी बघा. पिवळट, चपटे, भराभर पळणारे, डोळ्याला नीट दिसणारे किडे आणि पिसांच्या मुळाशी पांढऱ्या अंड्यांचे गुच्छ असतील तर उवा. टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके, पिसं मळल्यासारखी काळी, हाताला चढणारे, तर अंगावर राहणारे माइट. दिवसा अंगावर काहीच नाही पण कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायला तयार नाहीत, तुरे पांढरे पडलेत, तर लाल माइट किंवा गोचीड, दोघंही रात्री येतात. रात्री बॅटरी घेऊन जा आणि बसायच्या दांडीच्या खालून पांढरा कागद किंवा कापड घासून बघा, लाल डाग उमटले की कळलंच. दोन्ही बाबतीत फटी बघायच्या, माइट असतील तर फटीच्या तोंडाशी राखाडी पूड पडल्यासारखं दिसतं. गोचीड मोठी असते, चपटी करडी, आणि ती नुसतं रक्त पीत नाही, तापाचा आजारही पसरवते.

लाल माइट काही केल्या जात नाहीत, कोंबड्यांना तीनदा पावडर मारली

कारण ते कोंबडीवर राहतच नाहीत. रात्री येऊन रक्त पितात आणि परत फटीत जातात, म्हणजे औषध जिथे मारायला हवं ते ठिकाण खुराडं आहे. गरम हवेत अंड्यापासून मोठा व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि रक्त न पिता कित्येक महिने फटीत जिवंत राहतात, त्यामुळे खुराडं महिनाभर रिकामं ठेवून मरतील ही आशा सोडा.

आधी गादी, म्हणजे खुराड्यात खाली अंथरलेला भुसा-पेंढा, सगळी काढून लांब टाका किंवा जाळा. दांड्या काढा, त्यांची टोकं जिथे अडकवलेली असतात तिथे सगळ्यात मोठी वस्ती असते. उकळतं पाणी, वाफ, प्रेशरचं पाणी, जे असेल ते प्रत्येक सांध्यात घाला. वाळलं की कोंबड्यांच्या खुराड्यासाठी मंजूर असलेलं परमेथ्रिनसारखं औषध फटींत मारा, वाळल्यावरच कोंबड्या आत सोडा. आणि मग ५ ते ७ दिवसांनी परत, आणि परत, कारण अंडी औषधाला मरत नाहीत, त्यातून निघालेले माइट मोठे व्हायच्या आत गाठायचे असतात. बरेच लोक पहिल्या फवारणीनंतर शांत झालं बघून थांबतात, तिथेच हरतात. शेवटी फटी बुजवा. लाकडी खुराडं नव्याने बांधणार असाल तर सांधे कमी ठेवा.

फ्लुरालॅनर नावाचं औषध मात्र पिण्याच्या पाण्यातून जातं, किलोला अर्धा मिलिग्रॅम, ७ दिवसांच्या अंतराने दोनदा, आणि कोंबडीचं रक्त प्यायला की माइट मरतो. युरोपात ते २०१७ पासून मंजूर आहे आणि अंडी फेकावी लागत नाहीत. मोजमापाची अडचण वर सांगितली तीच, डोस डॉक्टरकडूनच बनवून घ्या.

खुडुक बसलेल्या कोंबडीकडे आधी बघा. ती रात्रंदिवस जागची हलत नाही, माइट तिला पिऊन मारतात, आणि ती अंड्यांवरून उठत नाही म्हणून आपल्याला कळतसुद्धा नाही.

अंगावर राहणाऱ्या माइटना काय करायचं?

इथे उलट, औषध कोंबडीवरच, आणि कातडीपर्यंत. वरून पावडर भुरभुरवून काही होत नाही, शेपटीखाली, पंखाखाली पिसं उलटी करून चोळा. परमेथ्रिनची ०.२५ टक्के पावडर चालते. यांचं चक्र आठवड्याच्या आतच पूर्ण होतं, म्हणून ५-७ दिवसांनी पुन्हा करा. उवांना १० दिवसांनी. एकही कोंबडी सोडायची नाही, कोंबडा तर नाहीच नाही, बऱ्याचदा त्याच्याच अंगावर जास्त असतात.

पायाचे खवले उचललेत, पाय जाड झालेत

खवल्याखाली बिळं करून राहणारा माइट, निमिडोकॉप्टिस. पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशने घासा, कोरडे करा आणि व्हॅसलीन किंवा घट्ट तेल भरपूर चोळा म्हणजे माइट गुदमरतो. आठवड्यातून दोन-तीनदा, काही आठवडे. खवले ओढून काढू नका, रक्त येतं आणि फार दुखतं. रॉकेल, डिझेल, पेट्रोल लावायचा जुना उपाय अजून सांगितला जातो, कृपा करून नको, कातडी भाजते. खूप वाढलं असेल तर डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात. माइट मेले तरी पाय लगेच सुंदर दिसत नाहीत, जुने खवले झडून नवे यायला महिने लागतात, त्यामुळे औषध लागू पडलं नाही असं समजून वाढवत बसू नका.

आयव्हरमेक्टिन एकच दिलं की जंत, माइट सगळं जातं ना?

ही समजूत फार पसरलीय. पायाच्या माइटवर ते छान चालतं. पट्टीच्या जंतावर अजिबात नाही, गोल जंतावर बेभरवशाचं, आणि लाल माइट कोंबडीवर थोडाच वेळ असतो म्हणून त्याच्यावर फार परिणाम होत नाही. वर ते अंड्याच्या बलकात उतरतं आणि बरेच दिवस राहतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी बऱ्याच देशांत ते मंजूरच नाही.

घरात कुत्र्याचं पिसवांचं औषध पडलंय, तेच मानेवर टाकलं तर?

त्यात बहुतेक फिप्रोनिल असतं, आणि ते अंडी-मांसासाठीच्या प्राण्यांवर वापरायला युरोपात बंदी आहे. २०१७ मध्ये युरोपात कोंबड्यांच्या शेडमध्ये माइट मारायला हेच वापरलेलं निघालं आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. शेतातली कीटकनाशकंही नकोत. आणि अजून एक, परमेथ्रिन मांजराला विषारी आहे, घरात मांजर असेल तर पावडर मारलेल्या कोंबड्यांपासून आणि ओल्या खुराड्यापासून तिला लांब ठेवा.

राख, डायटमची पावडर (सूक्ष्म शेवाळाच्या कवचांची माती), गंधक यांचा उपयोग होतो?

अंगावरच्या किड्यांसाठी हो. कोंबड्यांना मातीत लोळायला कोरडी जागा दिली आणि त्यात या पावडरी मिसळल्या तर उवा-माइट कमी होतात, त्यात गंधकाचा परिणाम सगळ्यात जोरदार. पावडर काढून घेतली की किडे परत वाढतात, म्हणून ती जागा कायम हवी. मिसळताना तोंडाला मास्क बांधा, आणि कोंबड्यांच्या बंद खुराड्यात ही धूळ उडवू नका. डायटमची पावडर खाद्यात घालून पोटातले जंत मरतात हे मात्र धरू नका, ती कोरडी असते तेव्हा काम करते आणि आतडं ओलं असतं.

औषध दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत?

लेबलवर लिहिलेलं असतं तेवढे दिवस, आणि लेबलवर कोंबडीचं नावच नसेल तर डॉक्टर सांगतील तेवढे. फेनबेंडाझोल आणि फ्लुबेंडाझोलच्या काही मंजूर औषधांना शून्य दिवस आहेत, पण तेच नाव असलेलं गुरांचं औषध दिलं तर तो शून्य लागू होत नाही. मांसाचे दिवस वेगळे असतात. शेजाऱ्यांना अंडी देत असाल तर त्यांना सांगा, त्यांच्या घरात लहान मुलं असतात.

हे किडे माणसाला होतात का?

कोंबडीचे जंत सहसा माणसाला होत नाहीत. लाल माइट चावतात, खाज-पुरळ येतं, पण माणसावर राहू शकत नाहीत. खुराडं साफ करून आलात की कपडे थेट गरम पाण्यात टाका.

कोंबड्यांबरोबर टर्की ठेवली तर?

ठेवू नका. आंधळ्या आतड्यातल्या त्या हेटेरॅकिसच्या अंड्यात ब्लॅकहेड नावाच्या आजाराचा जंतू लपून राहतो, वर्षानुवर्षं जमिनीत टिकतो, कोंबडीला फारसं काही होत नाही आणि टर्की मरते. कोंबड्या जिथे फिरल्यात त्या जागेवरही नको.

सगळं केलं, आता परत होऊ नये म्हणून काय?

जंताचं अंडं ओल आणि सावलीत टिकतं, जंतुनाशकांनी मरत नाही. म्हणून गादी कोरडी ठेवा, पाण्याच्या भांड्याखालची ओली माती काढत राहा, गवत कापून ऊन आत येऊ द्या, खाद्य जमिनीवर न टाकता भांड्यात द्या. जागा असेल तर कुंपण हलवत राहा म्हणजे एका तुकड्याला विश्रांती मिळते. पिल्लं मोठ्या कोंबड्यांच्या जुन्या जागेवर सोडू नका. नवीन कोंबडी आणली की तीन-चार आठवडे वेगळी ठेवा, त्या वेळात शीट तपासून घ्या, शेपटीखाली आणि पायाला बघा. खुराड्याच्या छपरात चिमण्या-पारव्यांची घरटी असतील तर ती रिकामी झाल्यावर काढा, माइट तिथूनही येतात. आणि आठवड्यातून एकदा प्रत्येक कोंबडी हातात घ्या, छातीचं हाड चाचपा, तुऱ्याचा रंग बघा.